मागे नव्हे, बाजूला

ता. १ जानेवारी १९१३, बुधवार. पहाटे.

इंग्रजी वर्षाचा पहिला दिवस. आजपासून रोजनिशी. इंग्रजी तिसरीत आमचे मास्तर म्हणत की मोठी माणसे रोज लिहितात. कोणी वाचेल अशी भीती नाही. आईला, म्हणजे अव्वाला, अक्षर येत नाही, आणि तालमीत वाचता येणारा पैलवान मी एकटाच.

यंदाचे संकल्प. पहाटे उठून जोर मारणे. पंचांकडून नियमाचा निकाल लावून घेणे. आणि कुरुंदवाडच्या अण्णाप्पांनी आपली चंदना मला द्यावी, असे काहीतरी मैदानात करून दाखवणे.

आज पहाटे उठलो. थंडी फार आहे. थंडीत अंग आखडते असे ऐकतो. जोर उद्यापासून.

ता. १, दुपारी.

नियम काय तो एकदा लिहून ठेवतो, म्हणजे डोके शांत होईल. पैलवान मागे मागे सरत कुस्तीच्या मातीच्या हौद्याबाहेर बसलेल्या माणसांत शिरला, की पंचाने "भाईर!" अशी हाक द्यायची. तीन हाका झाल्या की कुस्ती गेली. नियम चांगला आहे. माझे म्हणणे एवढेच, की मागे सरणे वेगळे आणि बाजूला होणे वेगळे. मी बाजूला होतो.

हे सायन्स मी गेल्या दिवाळीत बेळगावला पाहिले. गुळाच्या गाड्यांबरोबर गेलो होतो. कॅम्पात गोऱ्या सोल्जरांची बॉक्सिंग चालली होती. हातांना गाद्या बांधून एकमेकांना बुक्क्या मारतात. त्यातला एक बारका गोरा जिथे बुक्की येई तिथे नसायचाच. शेवटी तोच जिंकला, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या जोडीतला सोल्जरही तसाच फिरू लागला, तर पंच त्याच्यावर ओरडला आणि लोकांनी त्याला हाकलला. ओळखीचा एक बटलर होता, तो म्हणाला की पहिला कॅप्टनसाहेबांचा माणूस होता. मी त्याकडे लक्ष दिले नाही. माझे लक्ष पायांकडे होते.

आजवर माझ्या पाठीला माती लागलेली नाही. सरदारांच्या पदरचा सयाजी एवढा नावाजलेला, पण तोही दोनदा चीत झाला आहे.

ता. ५ जानेवारी, रविवार.

अव्वाने पुन्हा अडतीचा विषय काढला. वडील गेल्यापासून घरची गुळाची अडत मुनीम बघतो. अव्वा म्हणाली, "तालमीत दूध तू पितोस आन् ढेपा मुनीम मोजतोय. अण्णाप्पाची पोरगी कुणाच्या भरवशावर घरात आणू?" मी म्हणालो, कोल्हापुरात महाराज सरकारांच्या राज्यात पैलवानाला जो मान आहे तो अडत्याला नाही. ती म्हणाली, "पैलवानाला हाय की. तुझं काय?"

बायकांना सायन्स समजत नाही.

अण्णाप्पांचा निरोप मात्र चांगला आहे. पैलवान जावई चालेल, पण आधी मैदानात बघीन, मग बोलीन, असे त्यांनी कळवले आहे. म्हणजे अर्धे काम झाले. धुळवडीच्या मैदानाला ते येणार.

चंदनाला मी एकदाच पाहिले, कुंभोजच्या डोंगरावर, यात्रेत. मी पायऱ्या उतरत होतो, ती मावशीबरोबर चढत होती. वाट अरुंद, म्हणून मी बाजूला झालो. तिने माझ्याकडे पाहिले आणि मावशीला काहीतरी विचारून हसली. नंतर कळले की तिने विचारले होते, "हे पैलवान हायत व्हय?" शरीर पाहून आश्चर्य वाटले असणार. तेव्हापासून मला ती आवडते. आज तिचे नाव कागदावर लिहून पाहिले. चांगले दिसते.

ता. १९ जानेवारी, रविवार. दिवेलागणीला.

मुरगूडच्या पैलवानाशी कुस्ती. बरोबरीत सुटली. त्याने माझे पाय ओढून पट काढायला झडप घातली तेव्हा मी तिथे नव्हतो. पुन्हा घातली तेव्हाही नव्हतो. शेवटी तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मला चार शिव्या दिल्या. दम संपला की माणूस तोंड वापरतो.

गौसभाई पंच होते. त्यांनी एकच हाक दिली. तीही मला वाटते चुकून.

जोड ठरवताना माझी कुस्ती नेहमी शेवटच्या मोठ्या कुस्तीच्या अगोदर ठेवतात. मान म्हणतात तो हाच. आणि माझी कुस्ती लागली की बसलेली माणसे उठून उभी राहतात, हे मी किती दिवस पाहतो आहे. काही तर भारावून बाहेर जाऊन येतात. फुटाणेवाला माझ्याच कुस्तीला टोपली घेऊन पुढे येतो, कारण गर्दी ओसंडते.

सूर्यास्तानंतर आम्हा जैनांत जेवत नाहीत, म्हणून सूर्यास्ताआधी दोनदा जेवलो. उद्या जोर दुप्पट.

ता. २० जानेवारी, सोमवार.

अंग जड. जोर नाही.

ता. २ फेब्रुवारी, रविवार.

घोर अन्याय पाहिला. सयाजीची कुस्ती होती. तो मागे सरला. स्पष्ट मागे सरला, अगदी माणसांच्या पायांशी जाऊन टेकला. गौसभाई गप्प! मग समोरचा पैलवान त्याच्या अंगावर गेला, सयाजीने ढाक लावली आणि त्याला आपटला. लोकांनी फेटे उडवले. म्हणजे सरदारांचा पैलवान मागे गेला की डाव, आणि मी, जयपाल, बाजूला झालो की हाक. कॅम्पातला तो दुसरा सोल्जर आठवला. बिचारा.

रागाने मुठी वळल्या. तिथेच उभे राहून बोलणार होतो, पण सयाजी जवळच होता.

ता. ३ फेब्रुवारी, सोमवार.

आमचे आकाराम वस्ताद यांच्याकडे तक्रार केली. ते म्हणाले, "सयाजी मागं सरतोय ते समोरच्याला आत घ्यायला. तू मागं सरतोस ते घरला जायला." मी त्यांना कॅम्पातल्या बारक्या गोऱ्याचे उदाहरण दिले. ते म्हणाले, "त्यो गोरा शेवटी बुक्की मारत हुता का न्हाय?" मारत होता, हे खरे. पण ते शेवटी.

वस्तादांचे वय झाले आहे.

ता. ५ फेब्रुवारी, बुधवार.

स्वतः गौसभाईंना भेटलो. ते नालबंद आहेत. कोपऱ्यावरच्या छपरात एका दांडग्या घोड्याला नाल मारत होते. मी रस्त्याच्या पलीकडून बोललो. आवाज पोहोचावा म्हणून ओरडावे लागले, त्यामुळे रागावलो आहे असा त्यांचा ग्रह झाला. मला ते चालले.

मी म्हणालो, नियम सर्वांना सारखा पाहिजे. ते म्हणाले, "अरे बाबा, जवळ ये की." मी म्हणालो, इथून बरे दिसते. मग ते हातोडा खाली ठेवून म्हणाले, "जयपाल, तू हाय तसा ऱ्हा. तुझी कुस्ती लांबली की आमास्नी लई बरं पडतंय. नियमाच्या नादाला लागू नको."

याचे दोन अर्थ होतात. एक, माझी कुस्ती पाहायला त्यांना आवडते. दुसरा, ते सरदारांना भितात. मला दोन्ही पटतात.

ता. १६ फेब्रुवारी, रविवार.

कागलच्या पैलवानाशी बरोबरी. पाठ कोरडी. हलगीवाल्याला मध्येच डुलकी लागली, त्यामुळे ठेका चुकला आणि माझ्या पायांची लय बिघडली. याचीही तक्रार करायला हवी.

ता. ९ मार्च, रविवार.

धुळवडीच्या मैदानासाठी माझी जोड कबनूरच्या बाबालालशी ठरली. मागावर बसणारा विणकर. दिवसभर बसून असणाऱ्याला पाय कुठले? आनंद झाला. वस्ताद म्हणाले, त्याच्या हातांत लोखंड आहे, सांभाळ. मी म्हणालो, हाताशी माझा संबंधच येणार नाही. वस्ताद बदामाच्या वाटीकडे पाहत राहिले. तालमीतली माझ्या वाटची थंडाई आज मीच प्यायलो होतो, आणि त्यांचीही.

प्लॅन पक्का. अण्णाप्पा पुढच्या रांगेत बसतील. शड्डू ठोकण्याआधी मी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे सांगणार, की आज नियम सर्वांना सारखा लावा. सयाजीलाही. लोक खूष होतील. अण्णाप्पांना कळेल की जावई नुसता शरीराचा नाही, तत्त्वाचाही आहे.

ता. २२ मार्च, शनिवार.

होळी. पोळ्या अकरा की बारा, मोजल्या नाहीत. उद्या कुस्ती असल्याने अंगात ताकद हवी. भाषण आरशासमोर म्हणून पाहिले. उत्तम. डावांचा सराव करायचा राहिला.

ता. २३ मार्च, रविवार. घरी, दार लावून.

क्रमाने लिहितो.

अण्णाप्पा आले होते. पांढरा फेटा, पुढच्या रांगेत, मांडीवर काठी. मी हौद्यात उतरलो, माती कपाळाला लावली आणि भाषण केले. आवाज चांगला लागला. म्हणालो, "पंच, आजपासनं नियम सगळ्यांस्नी सारखा! कुणाचा का पैलवान असंना!" लोकांनी शिट्ट्या मारल्या. मागून कोणीतरी "व्हय व्हय, सारखा!" म्हणून ओरडला. वस्ताद धावत आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "गप की लेका, कशाला मागून घेतोस?" मी त्यांना बाजूला केले. गौसभाईंनी पुढच्या रांगेकडे बोट दाखवले. मग म्हणाले, "पावणं बसल्यात. इच्यार करून बोल." मी म्हणालो, विचार झाला. ते म्हणाले, "बरं तर. सारखा."

हलगी सुरू झाली. बाबालालने माझ्या मानेवर माती टाकली, मी त्याच्या टाकली. तो पुढे आला. मी बाजूला झालो. "भाईर!"

मी म्हणालो, हे बाजूला होते. कोणी ऐकले नाही. तो पुन्हा आला. त्याचे हात खरोखर लोखंडाचे आहेत. मी पुन्हा बाजूला झालो, जरा लांब. "भाईर!"

तिसऱ्या वेळी मी पुढे जाण्याचे ठरवले होते. मन पुढे गेले, पाय सवयीने वागले. मी जाऊन फुटाणेवाल्याच्या टोपलीत आडवा झालो. तिसरी हाक झाली की नाही मला नक्की ऐकू आले नाही, कारण कानात फुटाणे होते. तोंडातही गेले होते, म्हणून त्याच क्षणी काही बोलता आले नाही. कुस्ती गेली. अजून हलगीवाला नीट मांडी घालून बसला नव्हता.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. माझ्या पाठीला फुटाणे लागले, माती नव्हे. रेकॉर्ड कायम आहे.

पुढे फारच गोंधळ झाला. सयाजी तयार नव्हता. तंबूत त्याचे अंग निम्मे मळून झाले होते. मैदान रिकामे, लोक ओरडायला लागले, हलगीवाल्याला एकट्यालाच वाजवत बसावे लागले. गौसभाई माझ्यावर खेकसले, "आता उमगलं? वरीस दोन वरीस तुझ्या एकट्यासाठी नियम ढिला ठिवलाय आमी. तू पळत ऱ्हातोस, तवर मोठ्या पैलवानाचं अंग मळून हुतंय, लोकं पाणी पिऊन येत्यात. बाकी सगळ्यांस्नी नियम सारखाच हाय की!" तरी मी त्यांना सयाजीचे विचारले. ते म्हणाले, "त्यो माणसांत शिरला व्हता का? टेकला आन् फिरला."

म्हणजे माझ्यावाचून मोठी कुस्ती लागत नाही, असा याचा अर्थ. पण त्या वेळी तसे वाटले नाही. त्या वेळी फार लाज वाटली. पहिल्यांदाच वाटली, म्हणून लिहितो.

आणि तेवढ्यात अण्णाप्पा उठले. काठी टेकत सरळ माझ्याकडे यायला लागले. एक हात वर केलेला. चेहरा नीट दिसला नाही. एवढ्या लोकांत ते काय बोलतील हे माहीत होते, म्हणून मी बाजूला झालो. माणसांत शिरलो, गाड्यांच्या मागून निघालो, तो घरी.

अव्वा विचारते आहे काय झाले. दार लावले आहे.

ता. २४ मार्च, सोमवार.

अण्णाप्पा सकाळीच घरी आले. रात्री कोल्हापुरातच राहिले असणार. काठीचा आवाज मी ओळखला. ओसरीवर अव्वा बोलत होती. मी मागल्या दाराने गोठ्यात गेलो. म्हशीला वैरण हवीच होती. ते बराच वेळ बसले. अव्वाने मला हाका मारल्या, पण म्हैस हलू देईना.

नंतर अव्वा म्हणाली, ते तुझ्याशीच बोलायला आले होते, मला काहीच बोलले नाहीत. माझ्याशीच. म्हणजे आईसमोर अपमान नको एवढी सभ्यता आहे त्यांच्यात. माणूस चांगला आहे. चांगल्या माणसाकडून नकार ऐकणे जास्त कठीण.

संकल्प: पूर्ण तयारी करून स्वतः कुरुंदवाडला जाणे आणि बाजूला होणे म्हणजे काय ते शांतपणे समजावून देणे.

ता. २५ मार्च, मंगळवार.

घरी बसणे धोक्याचे, म्हणून अडतीवर गेलो. मुनीम चकित. अण्णाप्पा तिथेही आले! तयारी झालेली नव्हती. मी गुळाच्या ढेपांमागे उभा राहिलो. त्यांनी मुनिमाला विचारले, तो ढेपांकडे पाहत म्हणाला, आत्ताच होते. ते थोडा वेळ ढेपांकडेच तोंड करून उभे राहिले.  मग काठीचा आवाज लांब गेला. मला मुंग्या फार चावल्या.

ता. ३० मार्च, रविवार.

कुरुंदवाडला निघालो. नवे धोतर, भाषण पाठ. हातकणंगल्याला पाणी प्यायला उतरलो. समोर कोल्हापूरकडे जाणारी गाडी उभी होती. ऊनही फार होते. उन्हात माणूस मुद्दा नीट ऐकून घेत नाही. थंडावा पडला की जाऊ.

चंदनाचा विचार मनात येतो. तिला काय सांगितले असेल?

ता. ६ एप्रिल, रविवार.

आकाराम वस्ताद घरी आले. पुढच्या मैदानाला ये म्हणाले, तुझ्यापुरता नियम पहिल्यासारखा ढिला ठेवतो, गौसभाईंशी बोलून आलो आहे. मी तत्त्वासाठी साफ नकार दिला. ते चपला घालायला लागले, तेव्हा होकार दिला. सुधारणा हळूहळू होत असतात.

ता. १३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी.

चंदनाचे जमले. दुसरीकडे.

अव्वा बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेली होती. तिथे तिला अण्णाप्पा भेटले. घरी येऊन तिने पाणीसुद्धा न पिता सगळे सांगितले. तिला रडायला येत होते आणि ती रागावलेलीही होती. अण्णाप्पा तिला जे बोलले ते तिने जसेच्या तसे सांगितले, तसेच उतरवतो.

"म्या त्येला शाबासकी द्यायला आलतो, अक्का. सोत्ताच्या तोंडानं सगळ्यांस्नी सारखा नियम मागितला, त्यात सोत्ताच गेला, तरी एक अक्षर बोलला न्हाय. कुस्ती जाऊ दे, असला सरळ माणूस कुठं मिळतोय? पोरगी तिथंच देऊन टाकणार हुतो. पर लगीन त्येनं करायचं, म्हून म्हटलं त्येच्याच तोंडानं होय म्हणू दे. मैदानात गेलो, त्यो माणसांत शिरला. घरी आलो, मागल्या दारानं गेला. अडतीवर गेलो, तर ढेपांच्या मागं त्येचं मुंडासं दिसत हुतं. म्या तिथंबी थांबलो, म्हटलं येईल. आला न्हाय. तीन हाका झाल्या, अक्का. नियम सगळ्यांस्नी सारखा, हे त्येचंच बोलणं."

आणि म्हणाले, की मैदानासाठी चंदनाही त्यांच्याबरोबर कोल्हापुरात मावशीकडे उतरली होती, आणि दर खेपेला ते तिथे परत गेले तेव्हा ती दारात उभी असायची. काय म्हणाले ते, असे विचारायची. तिसऱ्यांदा तिने विचारले नाही, नुसती आत गेली.

हे ऐकून मला फार वाईट वाटले. अजून वाटते आहे. अव्वाने ताट वाढले होते, जेवलो नाही.

मात्र एक मुद्दा राहतो. पहिल्या वेळी, मैदानात, मी मागे सरलोच नव्हतो. बाजूला झालो होतो. म्हणजे हाका दोनच धरायला हव्या होत्या, आणि एक संधी माझी बाकी राहत होती. याचा निवाडा करून घ्यावा म्हणून मगाशी गौसभाईंकडे गेलो होतो. ते छपरात एकटेच होते, घोडाही नव्हता. त्यांनी मला पाहिले आणि "ये की, जयपाल" म्हणून हाक मारली.

मी रस्त्याच्या पलीकडे थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो.